माझीच स्लाइड

'स्मिअर अ‍ॅट्रॉफिक आहे, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ मी गेली २७ वर्षं मिरजेतल्या एका लॅबमध्ये टाइप करतेय. पन्नाशीपुढच्या बाईचा पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची स्लाइड, आला की बहुतेकदा हीच ओळ. टेम्प्लेटच करून ठेवलाय, दोन कळा दाबल्या की उमटते. त्यातला कॅन्सरचा अर्धा भाग कामाचा आणि पहिला अर्धा, अ‍ॅट्रॉफिकचा, म्हणजे अस्तर पातळ पडल्याचा, नुसता भरतीचा, असंच मी धरून चालले होते. त्या भरतीच्या शब्दाला आग होते, खाज सुटते, स्कूटीच्या सीटवर धड बसवत नाही, हे कळायला माझी स्वतःची पाळी जाऊन सहा वर्षं व्हावी लागली.

सुरुवात उन्हाळीनं झाली. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, उठून आलं की पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटणं. आमच्या घरात असल्या सगळ्याला एकच निदान, उष्णता. सासूबाईंनी रात्री धने-जिरे भिजत घातले, सकाळी गाळून दिलं. सब्जा झाला, वाळ्याचं पाणी झालं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. मग ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि न तपासता पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड महिन्यानं पुन्हा तक्रार, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या खेपेला मी डॉक्टरांकडे गेलेच नाही. स्वतःच बाटली भरली आणि आमच्याच लॅबमध्ये कल्चरला लावली. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटरमधून प्लेट काढली तर जंतू वाढवायच्या सीएलईडी माध्यमाचा निळसर हिरवा पृष्ठभाग कोरा करकरीत. एक कॉलनी नाही.

आधीच्या दोन वेळा जंतू होते की नव्हते, ते आता कोण सांगणार? गोळ्या मात्र खाऊन झाल्या होत्या.

त्याच्या आगेमागे बाकीचंही सुरू होतं, पण त्याचा आणि लघवीचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. सलवारीची शिवण घासायची. विश्रामबागेतून मिरजेपर्यंतचा रस्ता स्कूटीवर रोज कापते, तो संध्याकाळी नकोसा व्हायचा. रात्री मी पाठ करून झोपायला लागले. ह्यांना वाटलं, सुनेच्या बाळंतपणाचं टेन्शन आहे. मी तेच कारण चालू ठेवलं. सोयीचं होतं.

गणपतीच्या दिवसांत परकरावर एक गुलाबी डाग दिसला. नखाएवढाही नव्हता. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी तपासून घ्यायचं, हे मी शेजारणीपासून आमच्या लॅबमधल्या मावशींपर्यंत सगळ्यांना बजावत आलेली बाई. स्वतःच्या वेळी अकरा दिवस गप्प बसले. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, आणि मगच गेले. रोज दुसऱ्यांचे कॅन्सर डबीत भरून ठेवणाऱ्या माणसाची भीती जरा वेगळी असते. तिला रंग आणि आकार ठाऊक असतात.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. इथलं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वानलेस साहेबांच्या काळापासून कर्नाटक-कोकणातून माणसं इथे उपचाराला येतात. पण मिरजेत मला सगळे ओळखतात, म्हणून मी सांगलीला गावभागातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान. डागाचं सांगितलं. 'अजून काही त्रास?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'नाही.' त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एकेक विचारलं. कोरडं वाटतं का? खाज? लघवीनंतर आग? संबंधाच्या वेळी दुखतं का, की बंदच झालंय? मोघम विचारलं तेव्हा जे तोंडातून निघालं नव्हतं, ते नेमकं विचारल्यावर निघालं. पाच-सहा प्रश्नांना मी नुसती मान हलवत होते.

तपासणीत दुखलं, ते लपवत नाही. मॅडमनी अरुंद स्पेक्युलम मागवला, कोमट पाण्यात बुडवला, तरी माझ्या मांड्या आपोआप आवळल्या. आतली कातडी फिकट झालीय, घड्या सपाट झाल्यात, दोन-तीन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, हात लागला की पाझरतात, असं त्या बघता बघता सांगत होत्या. मग बाजूच्या भिंतीला पीएचची पट्टी टेकवली आणि उजेडात धरली. पिवळी राहायला हवी ती हिरवट झाली होती. कार्डावर लावून बघितली, ६. पाळी चालू असताना तिथलं पीएच साधारण ३.५ ते ४.५ असतं, म्हणजे चांगलंच आंबट. सांगलीच्या बाईला रंग बदलणारी पट्टी समजावून सांगावी लागत नाही. हळदीचा डाग साबणानं लाल होतो आणि लिंबानं पुन्हा पिवळा, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक असतं. माझं लिंबू संपलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी डागाचा निकाल लावायचा होता. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ३ मिलिमीटर निघालं. रजोनिवृत्तीनंतर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत असलं, तर कॅन्सरची शक्यता फार कमी धरतात. डाग पुन्हा आला तर मात्र परत यायचं, आत्ता बरं आहे म्हणून टाळायचं नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. पॅपही घेतला. मीच म्हटलं, बाजूच्या भिंतीवरची एक जादा स्लाइड द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'टेक्निशियन आहात?' झाकून ठेवलेलं तिथे उघडं पडलं.

आणि गंमत बघा, त्यांचे सगळे स्मिअर येतात ते आमच्याच लॅबमध्ये. ओळख टाळायला मी सांगली गाठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझंच नाव ट्रेमध्ये.

मीच रंगवल्या. हेमॅटॉक्सिलिन, मग ओजी-६, मग ईए-५०. हात सवयीनं चालत होते. कव्हरस्लिप लावली, दहाच्या लेन्सखाली धरली, मग चाळीसच्या. तरुण बाईच्या स्लाइडवर मोठ्या, सपाट, कागदासारख्या पातळ पेशी पसरलेल्या दिसतात. काही गुलाबी, मधोमध टिंबाएवढं केंद्रक, कडा दुमडलेल्या. इथे तसं जवळजवळ काही नव्हतं. लहान, गोल, जाड निळ्या पेशी, केंद्रकं मोठी. त्यांना आम्ही पॅराबेझल म्हणतो. ह्या तळाजवळच्या. वरचे थर तयारच झाले नाहीत, तर खालच्याच पेशी उघड्यावर येणार. मागे पांढऱ्या पेशींचा सडा. लांब काड्यांसारखे डोडरलाइनचे जंतू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस, जे पाळी चालू असलेल्या निरोगी बाईच्या स्लाइडवर बहुतेकदा सापडतात, ते शोधूनही मिळाले नाहीत. घराच्या भिंतीचा गिलावा पडून विटा दिसाव्यात तसं ते चित्र होतं. आणि असलं चित्र मी हजारो वेळा बघून दोन कळा दाबल्या होत्या.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी कॅन्सर नाही म्हणून सही केली. मी विचारलं, मॅच्युरेशन इंडेक्स, म्हणजे कुठल्या थराच्या किती पेशी ते, मोजू का? त्या हसल्या, 'आता कोण मोजतंय?' जेवणाच्या सुट्टीत मीच शंभर पेशी मोजल्या. पॅराबेझल ७४, इंटरमीजिएट म्हणजे मधल्या थराच्या २५, वरच्या थराची १. एक म्हणजे एकच.

रात्री भाचीला फोन लावला. ती पुण्याला प्रथिनांवर काम करते, मास स्पेक्ट्रोमीटर चालवते. इतके दिवस तिचं काम मी 'काहीतरी मशीनवर असतं' एवढ्यावर सोडलं होतं. मी आकडे सांगितल्यावर ती एकदम उत्साहात आली, मग ओशाळली, 'सॉरी मावशी, तुला त्रास होतोय आणि मी...' मी म्हटलं, बोल गं, तू तरी बोल.

तिनं समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हॉर्मोन असतं तेव्हा वरच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो. आपल्याच शरीरातलं अमायलेज, लाळेत असतं तसलंच, त्याचे तुकडे करतं, लॅक्टोबॅसिलस ते खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आपण विरजण लावतो त्याच कुळातला प्रकार. इस्ट्रोजेन गेलं की थर पातळ, ग्लायकोजेन कमी, विरजणच मेलं. एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. प्रत्येक थराच्या पेशी वेगवेगळी प्रथिनं बनवतात. वर सरकत परिपक्व होणारी पेशी केरॅटिनचे धागे विणते, इन्व्होल्युक्रिनसारख्या प्रथिनांनी आपली भिंत पक्की करते. सूज असेल तर पांढऱ्या पेशींतलं कॅलप्रोटेक्टिन वाढतं. पडदा विरळ झाला तर रक्तातलं अल्ब्युमिन पाझरतं. हे सगळं त्या ओलाव्यात सांडलेलं असतं. कापसाचा एक बोळा फिरवायचा, त्यातली प्रथिनं ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमनं कापायची आणि तुकड्यांची वजनं मशीनवर करायची. एका बोळ्यात शेकड्यांनी प्रथिनं ओळखता येतात. तू शंभर पेशी मोजल्यास, म्हणाली, आम्ही त्या पेशी काय बोलत होत्या ते मोजतो.

मी लगेच विचारलं, मग ही टेस्ट कुठे करून मिळेल? तर कुठेच नाही. हे सगळं अजून संशोधनात आहे, दवाखान्यात लिहून देता येईल असं एकही प्रथिन या आजारासाठी ठरलेलं नाही. आणि ते शोधायची गरज का पडली, ते तिनं सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. बाईचा त्रास आणि आपली मापं यांचं जुळत नाही म्हणून. पीएच ६ असलेली एखादी बाई निवांत असते, आणि जिची स्लाइड ठीकठाक दिसते ती रडकुंडीला आलेली असते. सगळा जन्म मापावर काढलेल्या मला हे पटेना. म्हटलं, तुमचं काहीतरी चुकत असेल.

आठवड्यानं मॅडमनी उपचार सुरू केले. या सगळ्याला आता 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' म्हणतात, २०१४ पासून. आधीच्या नावांत लघवीचा उल्लेखच नव्हता, नव्या नावात लघवीलाही जागा मिळाली. मूत्रमार्ग आणि योनीचा खालचा भाग गर्भात एकाच मुळातून घडतात, दोघांनाही इस्ट्रोजेन लागतं, म्हणून दोघांची तक्रार एकदम. अंगातून वाफा येणं काही वर्षांनी बहुतेकींचं कमी होतं, हे मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जातं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ला जाते. पुढची तीस वर्षं धन्या-जिऱ्यावर काढायची म्हटलं तर कठीणच.

इस्ट्रिऑलचं क्रीम मिळालं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. खोक्यातला कागद मी नको तेवढा नीट वाचला. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, सगळं त्यात. ट्यूब कपाटात ठेवली ती तीन दिवस तिथेच. मग मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ही धास्ती मुख्यतः २००२ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायका सरासरी ६३ वर्षांच्या होत्या आणि पोटातून हॉर्मोनच्या गोळ्या घेत होत्या. इथे अगदी थोडं औषध जागच्या जागी लावायचं, रक्तात जातं ते फार कमी. तुम्हाला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असता तर मी आधी त्या डॉक्टरांना विचारलं असतं. तुमचं तसं नाही. लावा.

लघवीचं काय, हेही विचारलं. त्यांनी १९९३च्या एका अभ्यासाचं सांगितलं, तो मी नंतर शोधून वाचला. लघवीच्या जंतुसंसर्गानं वारंवार हैराण झालेल्या ९३ बायका, निम्म्यांना हेच इस्ट्रिऑलचं क्रीम, बाकीच्यांना औषध नसलेलं नुसतं क्रीम. क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्यांना ५.९ वेळा. पीएच ५.५ वरून ३.८ वर आलं. हा आकडा वाचून मी त्या रात्री ट्यूब उघडली.

ते कसं लावतात हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. प्लास्टिकची नळी असते, इंजेक्शनच्या सिरिंजसारखी पण सुईविना. ट्यूबच्या तोंडावर फिरवून बसवायची आणि सांगितलेल्या खुणेपर्यंत भरायची. पहिल्या रात्री मी जास्त भरलं, निम्मं बाहेर. दुसऱ्या रात्री घाई केली, दुखलं. तिसऱ्या रात्री टोकाला थोडं क्रीम चोपडलं, उताणं झोपून गुडघे वर घेतले, श्वास सोडला, तेव्हा जमलं. नळी कोमट पाण्यानं धुऊन वाळवायची. मी ती खिडकीत वाळत ठेवली आणि नातवाला दूध पाजणाऱ्या सुनेनं ती त्याच्या औषधाची समजून उचलून कपाटात ठेवली. मग तिलाही सगळं सांगावं लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या पोरीपुढे मी लाजत होते, आणि ती म्हणाली, 'मम्मी, मला पण बाळंतपणानंतर तसंच कोरडं होतंय.' अंगावर पाजताना इस्ट्रोजेन खालीच असतं, हे पुस्तकात वाचलेलं घरातल्या घरात समोर आलं. तिचं पाजणं सुटलं की बरं होईल, तोवर मॅडमना दाखवून घे म्हटलं.

आंघोळीच्या वेळी पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून धुवायची माझी जुनी सवय मॅडमनी पहिल्याच दिवशी मोडली होती. बाहेरून साधं पाणी, बास.

आता मापांचं. लॅबमधल्या पट्ट्या होत्याच, मी दर रविवारी सकाळी बघायची आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडा लिहायची. दुसऱ्या आठवड्याला लघवीची आग गेली. एकदम गेली. पट्टी मात्र अजून हिरवटच, ५.५. म्हटलं, पट्टी जुनी असेल. नवीन डबी फोडली, तेच. पाचव्या आठवड्यात पट्टी पिवळी झाली, ४.५. बाराव्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा स्लाइड दिली. पॅराबेझल ९, इंटरमीजिएट ६२, वरच्या थराच्या २९. गुलाबी, पातळ, कडा दुमडलेल्या. काड्याही होत्या, भरपूर. पॅथॉलॉजिस्ट मॅडमना बोलावून दाखवली. स्लाइड बघून इतका आनंद मला लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा, एमएलटीचा, निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

पण त्या स्लाइडच्या आदल्याच रात्री आम्ही प्रयत्न केला होता आणि दुखलं होतं. जवळजवळ पूर्वीइतकंच.

म्हणजे आकडे वाईट असताना एक त्रास गेला आणि आकडे चांगले झाल्यावर दुसरा गेला नाही. भाचीला सांगितलं. ती म्हणाली, मावशी, मी तेच म्हणत होते. मग तिनं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. अमेरिकेत ३०२ बायका, १२ आठवडे. एका गटाला योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, दुसऱ्याला ओलावा देणारं जेल, तिसऱ्याला दोन्ही नकली. तिन्ही गटांत बायकांचा सगळ्यात मोठा त्रास कमी झाला आणि जवळपास सारखाच कमी झाला. मी वैतागले. मग मी क्रीम लावून काय मिळवलं? ती म्हणाली, तुझी उन्हाळी गेली ना? क्रीम लावत राहा. पण त्रास म्हणजे फक्त पातळ थर नव्हे, त्यात काय काय मिसळलंय ते एका पट्टीत मावत नाही. शेकडो प्रथिनांत एखादी जुळणी सापडते का, ती बघून कुणाला हॉर्मोननं फरक पडेल आणि कुणाला साध्या जेलनं, हे आधीच सांगता येईल का, त्याचा शोध चाललाय.

माझ्यात काय मिसळलं होतं ते मॅडमना बोट लावताच कळलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. दोन वर्षं दुखेल दुखेल म्हणून ते आवळून धरायची त्यांना सवय लागली होती, आता गिलावा नवा झाला तरी दार आतून लावलेलंच. हे कुठल्या बोळ्यात येणार? फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. चार बैठका, पोट सैल सोडून श्वास घ्यायचा व्यायाम, आणि ह्यांच्याशी एकदाचं खरं बोलणं. ते मी आयर्विन पुलावर केलं, संध्याकाळी फिरताना. समोरासमोर बसून झालं नसतं, शेजारी चालताना झालं. ते बराच वेळ नदीकडे बघत होते. मग म्हणाले, 'मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय.' त्याच्यापुढचं आमचं आमच्यापाशी. बरं आहे आता.

टेम्प्लेट मी बदलला. पॅथॉलॉजिस्ट मॅडमची परवानगी काढून अ‍ॅट्रॉफिकच्या ओळीखाली अजून एक ओळ घातली, 'कोरडेपणा, आग किंवा लघवीचा त्रास आहे का, ते विचारावे.' काही डॉक्टरांना ती आवडली नाही. एकानं फोन करून विचारलं, लॅब आता आम्हाला शिकवणार का? पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी फोन घेतला आणि हो म्हणाल्या.

पुढच्या दिवाळीला तासगावहून मोठ्या जाऊबाई आल्या. त्या ६४च्या. फराळाच्या रात्री भांडी घासताना मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी नळीसकट. त्या काही बोलल्या नाहीत, कढई घासत राहिल्या. भाऊबीज झाल्यावर म्हणाल्या, 'तुझ्या त्या डॉक्टरणीकडं मला नेशील का गं? ह्यांना सांगू नको, डोळं तपासायला चाललोय म्हणू.' गावभागात गेलो. मी बाहेर बाकावर बसले, मध्ये नुसता पडदा. मॅडमचे तेच एकेक प्रश्न ऐकू येत होते आणि प्रत्येकाला जाऊबाईंचं 'व्हय'. शेवटी मॅडमनी विचारलं, 'किती वर्षं झाली हे?'

आत बराच वेळ शांतता. मग जाऊबाई म्हणाल्या, 'थोरलीच्या लग्नाच्या आधीपासनं.'

थोरलीचा मुलगा यंदा दहावीला आहे.